“ताई, मधी एक लाइन टाकायची हाय”: एडिटरमध्ये ओळ घालण्याच्या कमांड कशा लिहायच्या

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी सीएनसी लेथचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कातणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम लिहून देते. प्रोग्रॅम एकदा मशीनवर चढला की तो ऑपरेटरच्या हातात जातो, आणि मग नेहमीची मागणी येते: “ताई, मधी एक लाइन टाकायची हाय.” कधी कूलंट चालू करायचं असतं, कधी माप घ्यायला मशीन थांबवायचं असतं, कधी एक पास वाढवायचा असतो. शॉपमधल्या जुन्या पीसीवर यासाठी वापरता येईल असा ओळींचा छोटा एडिटर मी पायथनमध्ये लिहिला आहे. त्यातला ओळ घालण्याचा भाग कसा बांधायचा, ते इथे सांगते. तुम्ही सीएनसीवाले नसलात तरी चालेल. एडिटर कुठलाही असो, प्रश्न हेच येतात. माझ्याकडे फक्त चूक झाली की बारचा तुकडा भंगारात जातो, म्हणून मी हा भाग फार काळजीने लिहिते.

उदाहरणासाठी ईएन-८ पोलादाच्या ८० मिलिमीटर व्यासाच्या बारवर चालणारा हा प्रोग्रॅम घेऊ. डावीकडचे आकडे फाइलमधल्या ओळींचे आहेत, ते प्रोग्रॅमचा भाग नाहीत.

१   %
२   ओ००१२
३   एन१० जी२१ जी४० जी९९
४   एन२० टी०१०१
५   एन३० जी९७ एस८०० एम०३
६   एन४० जी०० एक्स८२.० झेड२.०
७   एन५० जी७१ यू१.५ आर०.५
८   एन६० जी७१ पी७० क्यू११० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२
९   एन७० जी०० एक्स४०.०
१०  एन८० जी०१ झेड-२५.० एफ०.१
११  एन९० एक्स६०.०
१२  एन१०० झेड-५०.०
१३  एन११० एक्स८२.०
१४  एन१२० जी७० पी७० क्यू११०
१५  एन१३० जी२८ यू० डब्ल्यू०
१६  एन१४० एम३०
१७  %

यात कूलंट चालू करणारा एम०८ नाही. तो सहाव्या ओळीनंतर घालायचा आहे.

ओळी मोजू नका, फटी मोजा

अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत मध्येच कोणी शिरला तर तो कुणाच्या जागेवर उभा राहत नाही, दोघांच्या मधल्या फटीत उभा राहतो. फाइलमध्येही नवी ओळ कायम फटीतच जाते. १७ ओळी असतील तर फटी १८: पहिल्या ओळीच्या वरची फट ०, पहिली आणि दुसरी यांच्या मधली फट १, असं करत शेवटच्या ओळीखालची फट १७. रिकाम्या फाइलमध्ये ओळ एकही नसते, पण फट ० असतेच.

हे एकदा मनात पक्कं बसलं की “सहाव्या ओळीनंतर” आणि “सातव्या ओळीआधी” हे दोन प्रश्न उरत नाहीत. दोन्हीचं उत्तर फट ६. ओळ घालण्याच्या कमांडमधले एका ओळीच्या फरकाचे घोटाळे बहुतेक इथेच होतात. एक कमांड ओळीच्या भाषेत लिहिलेली, दुसरी यादीतल्या जागेच्या भाषेत, आणि तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी “+ १” चिकटवलेला. तुमच्या प्रोग्रॅममध्ये सीमारेषा आखून घ्या: माणसाशी बोलताना ओळींचे आकडे, १ पासून. आतल्या कामाला फक्त फटी, ० पासून. भाषांतर एकाच ठिकाणी व्हावं.

आणखी एक पायरी पुढे जाते. घालणं हे बदलण्याचंच एक रूप आहे. फट अ ते फट ब यांच्या मधलं जे असेल ते काढा आणि तिथे या नव्या ओळी ठेवा. अ आणि ब सारखेच असतील तर काही निघत नाही, नुसतं घातलं जातं. नव्या ओळी रिकाम्या असतील तर नुसतं खोडलं जातं. म्हणून माझ्या एडिटरमध्ये फाइलला हात लावणारी कृती एकच आहे:

कृती बदला(अ, ब, नव्या):
    जुन्या = ओळी[अ:ब]
    इतिहासात ठेव (अ, जुन्या, नव्या, चालू)
    ओळी[अ:ब] = नव्या
    खुणा सरकव (अ, ब, नव्यांची संख्या)

“ओळी[अ:ब] = नव्या” ही ओळ पायथनमध्ये अक्षरशः अशीच चालते. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात, आणि पायथनचे तुकडे दाखवणारे आकडे मुळातच फटींचे असतात. बाकीचं मी वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत उतरवलं आहे. चालू म्हणजे आपण सध्या ज्या ओळीवर आहोत ती, आणि खुणा म्हणजे लक्षात ठेवलेल्या ओळींचे आकडे.

सगळ्या कमांड मग या एका कृतीवर येऊन बसतात (क, ख, ग म्हणजे ओळींचे आकडे):

क पुढे          →  बदला(क, क, नव्या)
क आधी         →  बदला(क − १, क − १, नव्या)
क,ख बदल      →  बदला(क − १, ख, नव्या)
क वाच फाइल    →  बदला(क, क, फाइलच्या ओळी)
क,ख प्रत ग      →  बदला(ग, ग, क ते ख ओळींची नक्कल)

या रचनेला जुनी परंपरा आहे. केन थॉम्प्सन यांनी १९६९ साली बेल लॅबमध्ये लिहिलेल्या एड या एडिटरमध्ये नंतर घालणं, आधी घालणं आणि बदलणं अशा तीन वेगळ्या कमांड आहेत, एकेका अक्षराच्या. पुढे बिल जॉय यांच्या व्हीआयमध्ये लहान ओ खाली नवी ओळ उघडतो आणि मोठा ओ वर. पडद्यावरच्या त्या दोन कळाही आतून क पुढे आणि क आधी यांच्याहून वेगळ्या नाहीत.

पत्ता: शून्य, टिंब आणि डॉलर

कमांडच्या आधी लिहायचा ओळीचा आकडा म्हणजे पत्ता. एडच्या पद्धतीने मी टिंब म्हणजे चालू ओळ आणि डॉलर म्हणजे शेवटची ओळ ठेवली आहे. त्यांना +३, −१ असं जोडता येतं. पत्ता दिलाच नाही तर चालू ओळ धरायची.

शून्याकडे लक्ष द्या. “० पुढे” चालायलाच हवं, नाहीतर फाइलच्या अगदी वर “पुढे”ने काही घालता येणार नाही. “० आधी” याला काटेकोर अर्थ नाही, कारण शून्याव्या ओळीआधी फट नसते. पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाण नियमांत एडने ते “१ आधी” समजावं असं आहे. मीही तेच करते, म्हणजे क − १ ऋण निघालं तर शून्य धरायचं. रिकाम्या फाइलमध्ये टिंब आणि डॉलर दोन्ही शून्य असतात, त्यामुळे तिथे पुढे म्हटलं काय आणि आधी म्हटलं काय, फट ० च मिळते. वेगळी अट लिहावी लागत नाही. फटींचा हिशेब बरोबर असल्याची ती चांगली खूण आहे.

पत्ता शेवटच्या ओळीच्या पलीकडे गेला तर मुकाट्याने शेवटची ओळ धरू नका. नकार द्या. १७ ओळींच्या फाइलमध्ये कोणी “७१ पुढे” लिहिलं असेल तर त्याला १७ म्हणायचं नव्हतं, बोट घसरलंय किंवा समोर भलतीच फाइल उघडी आहे.

कमांडचं नाव न देता नुसती ओळ लिहिली तर काय करायचं? माझ्याकडे ती चालू ओळीच्या पुढे जाते. फॅनक कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) इन्सर्टची कळ दाबली की टाइप केलेला शब्द कर्सरवरच्या शब्दानंतर जातो. इथल्या ऑपरेटरच्या हाताला तीच सवय आहे. तुमच्या वापरणाऱ्यांच्या हाताला काय सवय आहे ते आधी बघा आणि तेच न सांगता होणारं वर्तन ठेवा.

ओळी आधी गोळा करा, मग एकदम घाला

“६ पुढे” दिल्यावर एडिटर ओळी स्वीकारायला लागतो. फक्त एक टिंब असलेली ओळ आली की थांबतो. हाही एडचाच रिवाज. इथे मोह होतो तो प्रत्येक ओळ आली की लगेच फाइलमध्ये घालायचा. तसं करू नका. नव्या ओळी बाजूच्या यादीत जमवा आणि टिंब आल्यावर “बदला” एकदाच बोलवा.

ऑपरेटरने दोन ओळी लिहिल्या आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की जागा चुकली, तर कंट्रोल-सी दाबल्यावर फाइल जशी होती तशी राहिली पाहिजे. एक कमांड दिली तर ती मागे घ्यायलाही एकच “परत” पुरला पाहिजे, ओळीगणिक एक नव्हे. आणि वेगाचाही भाग आहे. कॅम सॉफ्टवेअरमधून आलेल्या व्हीएमसीच्या (मिलिंग मशीनच्या) प्रोग्रॅममध्ये लाखांनी ओळी असू शकतात. पायथनच्या यादीत वरती काही घातलं की खालचे सगळे संदर्भ सरकतात. पाच लाख ओळी असतील तर ६४ बिट पीसीवर साधारण ४० लाख बाइट. एकदा सरकवायला काही वाटत नाही, पण हजार ओळींची फाइल एकेक करून आत घ्याल तर तेच काम हजार वेळा होईल.

टिंबाशिवाय दुसरं काही नसलेली ओळ खरोखरच हवी असेल तर? जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनच्या प्रोग्रॅममध्ये, ती कधी लागत नाही. पण याच एडिटरमध्ये आम्ही सेटिंग शीटही (मशीन लावायच्या सूचनांचा कागद) लिहितो. माझा नियम असा: ओळ टिंबाने सुरू होत असेल तर टिंब दोनदा लिहा, एडिटर एक काढून टाकेल. ई-मेल पाठवण्याच्या एसएमटीपीमध्येही संदेशाचा शेवट एकट्या टिंबानेच कळतो आणि तिथेही हीच युक्ती वापरतात.

घातल्यानंतर चालू ओळ कुठे?

शेवटच्या नव्या ओळीवर. एकही ओळ न लिहिता टिंब दिलं असेल तर ज्या ओळीचा पत्ता दिला होता तिच्यावर. हा नियम किरकोळ वाटतो, पण यात चूक झाली तर काय होतं ते वरच्याच प्रोग्रॅमवर पाहा.

समजा ११ आणि १२ या ओळी अजून लिहायच्या आहेत आणि आपण दहाव्या ओळीवर आहोत. ऑपरेटर पत्ता न देता आधी एक्स६०.० ची ओळ टाकतो, मग झेड-५०.० ची. चालू ओळ पुढे सरकली तर दोन्ही लिहिल्या क्रमाने बसतात: ४० व्यासावर २५ पर्यंत, मग ६० वर बाहेर, मग ५० पर्यंत. पण चालू ओळ दहावरच राहिली असेल तर दुसरी ओळ पहिलीच्या वर जाते. आता टूल ४० व्यासावरच थेट ५० पर्यंत जाईल आणि जिथे ६० चा खांदा राहायला हवा होता तिथलं मटेरियल निघून जाईल. कंट्रोल अलार्म देणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम बरोबर आहे. जॉब मात्र गेला.

“बदल” कमांडने ओळी खोडल्या आणि नवी एकही दिली नाही, तर चालू ओळ खोडलेल्यांच्या लगेच नंतरची. खाली काही उरलंच नसेल तर शेवटची.

खुणा सरकवणं

ओळींचे आकडे कुठे कुठे साठवून ठेवलेत ते शोधा. खुणा, शोधाचे निकाल, चुकांची यादी, दुसऱ्या खिडकीतला कर्सर. फट ६ मध्ये एक ओळ गेली की नववी ओळ दहावी होते, पण नऊचा आकडा धरून बसलेली खूण आता जी७१ च्या ओळीकडे बोट दाखवते. नियम सोपा आहे: ओळीचा आकडा फटीच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर त्यात नव्या ओळींची संख्या मिळवा. सहाव्या ओळीवरची खूण जागेवर राहते, सातपासूनच्या सरकतात. काढलेल्या ओळींवरच्या खुणा रद्द.

दुसरा मार्ग म्हणजे खूण आकड्याला न बांधता ओळीच्या वस्तूलाच बांधणं. ग्नू एडमध्ये ओळी दुहेरी दुव्यांच्या साखळीत असतात आणि खूण साखळीतल्या कडीला धरून असते, त्यामुळे घालताना काहीच सरकवावं लागत नाही. बदल्यात “चारशेवी ओळ” शोधायला साखळी चालत जावं लागतं. ईमॅक्स मजकुरातच एक मोकळी जागा ठेवून ती कर्सरबरोबर हलवतो, व्हीएस कोडने २०१८ पासून तुकड्यांचं झाड वापरायला सुरुवात केली. मला यातलं काही लागलं नाही. यादी पुरते, आणि ज्या रचनेची तपासणी मी डोळ्यांनी करू शकते तिच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

एन-नंबर: इथे घाई नको

प्रोग्रॅम लिहिणारे एन१०, एन२०, एन३० असे दहादहाने आकडे देतात ते मधे घालता यावं म्हणूनच. तेव्हा नव्या ओळीला एडिटरने स्वतः आकडा द्यावा ही मागणी येतेच. फट ६ च्या वर एन४०, खाली एन५०. मधला एन४५. नवी ओळ होईल “एन४५ एम०८”. वरखालच्या आकड्यांत जागाच उरली नसेल तर बिनआकड्याची ओळ घाला. कंट्रोलला ती चालते. मशीन ओळी फाइलमधल्या क्रमाने चालवतं, एन-नंबरच्या क्रमाने नाही.

काही जण म्हणतात, मग सरळ सगळे आकडे पुन्हा पाडा ना. घालण्याच्या कमांडमध्ये हे कधीही आपोआप करू नका. वरच्या आठव्या ओळीतले पी७० आणि क्यू११० पाहा. रफिंगची (आधी जाड कापणी करणारी) जी७१ सायकल त्यावरूनच प्रोफाइल, म्हणजे जॉबचा आकार सांगणाऱ्या ओळी, कुठून कुठपर्यंत आहे ते शोधते, आणि चौदाव्या ओळीतली फिनिशिंगची जी७० सुद्धा. आकडे पुन्हा पाडले आणि पी, क्यू तसेच राहिले, तर सायकल भलत्या ओळीपासून सुरू होईल किंवा ओळ सापडत नाही म्हणून अलार्म येईल.

मग पी आणि क्यूही बदलू? त्यातही खड्डा आहे. पी हे अक्षर सगळीकडे ओळीचा आकडा सांगत नाही. जी०४ मध्ये पी म्हणजे थांबायची वेळ, मिलिसेकंदात. एम९८ मध्ये पी म्हणजे सबप्रोग्रॅम. थ्रेडिंगच्या जी७६ मध्ये पीचा अर्थ आणखी वेगळा. शोधा-आणि-बदला करून सगळे पी बदलणारा एडिटर थ्रेडची उंचीसुद्धा बदलून टाकेल. म्हणून माझ्याकडे आकडे पुन्हा पाडायची कमांड वेगळी आहे. ती फक्त जी७० ते जी७३ मधले पी, क्यू आणि मॅक्रोमधले गोटू (दुसऱ्या ओळीवर उडी मारायचे आदेश) एवढ्यांनाच हात लावते, आणि बदलायच्या आधी प्रत्येक जुनी-नवी जोडी पडद्यावर दाखवते.

फटीचा हिशेब इथे पुन्हा कामाला येतो. पी७० ते क्यू११० म्हणजे ओळी ९ ते १३. फट ८ ही प्रोफाइलच्या बाहेर आहे. फट ९ ते १२ आत. फट १३ पुन्हा बाहेर. आत काही घालताना माझा एडिटर तसं सांगतो, अडवत नाही. हे सांगणं गरजेचं आहे, कारण जी७१ रफिंग करताना प्रोफाइलच्या आतल्या ओळींवरच्या एफ, एस, टी कडे कंट्रोल लक्षच देत नाही. रफिंगचा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) जी७१ च्या ओळीतला. आतला फीड लागू होतो तो जी७० च्या फिनिशिंगला. कटिंग जड जातंय म्हणून कोणी आत कमी फीडची ओळ घातली तर रफिंग होतं तसंच चालू राहतं आणि फिनिशिंगचा वेळ तेवढा वाढतो. सबप्रोग्रॅमची हाक तर तिथे चालतच नाही.

फाइलच्या शेवटीही असंच. डॉलर म्हणजे सतरावी ओळ, टक्क्याचं चिन्ह. “$ पुढे” म्हणून काही घातलं तर ते शेवटच्या टक्क्याच्या पलीकडे जातं आणि कंट्रोल ते वाचणारच नाही. सोळाव्या ओळीनंतर घातलं तरी एम३० आधीच होऊन गेलेला असतो. शेवटी म्हणजे एम३० च्या आधी असं ऑपरेटरला अभिप्रेत असतं. तरी मी डॉलरचा अर्थ बदलला नाही. डॉलर म्हणजे शेवटची ओळ हे सगळीकडे तसंच राहावं, नाहीतर “१,$” म्हटल्यावर काय येईल ते कुणालाच सांगता येणार नाही. फक्त एम३० नंतरच्या फटीत काही जात असेल तर एडिटर आधी विचारतो.

परत

“बदला” ही एकच कृती ठेवल्याचं फळ इथे मिळतं. इतिहासातल्या नोंदीत फट, जुन्या ओळी आणि नव्या ओळी असतात. उलटं करायचं म्हणजे नव्यांच्या जागी जुन्या ठेवायच्या:

अ, जुन्या, नव्या, चालू = इतिहासातली शेवटची नोंद
अ ते अ + नव्यांची संख्या  या जागी जुन्या ठेव

घातलेलं असो, बदललेलं असो, फाइलमधून आणलेलं असो, कोड एवढाच. उलटं करतानाही खुणा सरकवायच्या, फक्त नवी नोंद इतिहासात टाकायची नाही. चालू ओळही जुन्या जागी न्या. नाहीतर “परत” म्हटल्यावर मजकूर बरोबर येतो, पण माणूस भलतीकडेच उभा असतो आणि पुढची ओळ तिथेच टाकतो.

ओळी हलवायची कमांड म्हणजे दोन वेळा “बदला”. त्या दोन नोंदी एका गटात बांधा. आणि ओळी आधी काढल्या, मग घातल्या, तर मुक्कामाची फट काढलेल्या ओळींच्या खाली असेल तेव्हा तिच्यातून काढलेल्यांची संख्या वजा करायला हवी. मुक्काम हलवायच्या ओळींच्या मध्येच पडत असेल तर नकार.

ओळ मधून तोडणं, आणि देवनागरी

पडद्यावरच्या एडिटरमध्ये ओळीच्या मध्ये एंटर दाबलं की एका ओळीच्या दोन होतात. क्रमांक क असेल तर बदला(क − १, क, [डावा भाग, उजवा भाग]). वेगळी यंत्रणा नको.

जी-कोडला एवढं पुरतं. सेटिंग शीट मराठीत असते, तिथे पुरत नाही. “कोल्हापूर” हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २७ बाइटचा, ९ संकेतांकांचा (युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांचा), आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला चार अक्षरांचा: को, ल्हा, पू, र. बाइट मोजून तोडलं तर एका चिन्हाचे तीन बाइट दोन ओळींत विभागले जातात आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडत नाही. संकेतांक मोजून तोडलं तर “ह” वर राहतो, काना खाली एकटा जातो आणि टिपक्यांच्या गोलावर लटकतो. तोडायची जागा अक्षरांच्या सीमेवरच हवी. त्या सीमा युनिकोडच्या नियमांनी काढणारी लायब्ररी घ्या, पण तिची आवृत्ती तपासा. “ल्ह” सारखं जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ल् आणि हा यांच्या मध्ये तोडायला परवानगी देते.

फाइल वाचताना आणि लिहिताना

पायथनमध्ये मजकूर ओळींत तोडायला स्प्लिटलाइन्स हाताशी आहे, पण एडिटरसाठी ते वापरू नका. ते फॉर्म फीड, उभा टॅब आणि युनिकोडची काही विभाजक चिन्हंसुद्धा ओळीचा शेवट मानतं. तुमच्या ओळींचे आकडे बाकीच्या प्रोग्रॅमशी जुळणार नाहीत आणि लिहिताना ती चिन्हं हरवतील. फाइल उघडताना ओळींच्या शेवटांचं आपोआप होणारं रूपांतर बंद करा, ओळीचा शेवट दाखवणारं न दिसणारं चिन्ह सीआर-एलएफ आहे की नुसतं एलएफ ते लक्षात ठेवा, नव्या ओळींना तोच शेवट द्या. फाइलच्या अगदी शेवटी एलएफ असेल तर तोडल्यावर यादीच्या शेवटी एक रिकामा तुकडा उरतो. तो ओळ नाही. तो काढा आणि “शेवटी एलएफ होता” एवढं वेगळं नोंदवा, नाहीतर डॉलर एका भुताच्या ओळीवर जाऊन बसेल.

तपासणी

रिकाम्या फाइलमध्ये घालणं, फट ० मध्ये, शेवटच्या फटीत, एकही ओळ न देता टिंब, कंट्रोल-सी, आणि स्वतःच्याच पल्ल्यात नक्कल करणं (म्हणूनच वर “नक्कल” म्हटलं, ओळी आधी बाजूला उतरवून घ्या). या हाताने लिहा. त्यानंतर यंत्राला काम द्या: मनाला येतील तशा फटी आणि मनाला येतील तशा ओळी घेऊन शेकडो कमांड चालवा, मग इतिहास संपेपर्यंत “परत” करा. ओळी, चालू ओळ आणि खुणा मूळ अवस्थेत आल्या पाहिजेत. काढलेल्या ओळींवरच्या खुणा परत येत नसतील तर रद्द झालेल्या खुणाही इतिहासाच्या नोंदीत ठेवायच्या राहिल्या आहेत. ही चूक नेमकी याच चाचणीत सापडते.

आणि फाइल उघडून, काहीही न करता सेव्ह केली तर ती मूळ फाइलशी बाइट न् बाइट जुळायला हवी. मी ही चाचणी प्रत्येक शॉपमधून आणलेल्या खऱ्या प्रोग्रॅमवर चालवते, कारण प्रत्येक मशीनकडून आलेल्या फाइलचे शेवट वेगळे निघतात. ती जुळल्याशिवाय एडिटरची नवी आवृत्ती शॉपच्या पीसीवर जात नाही. गेल्यावरही, ओळ घातलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा सिंगल ब्लॉकवर (दर ओळीनंतर थांबत), रॅपिड (कापत नसतानाची वेगवान चाल) कमी करून, एकेक ओळ बघत चालवायचा असं ऑपरेटरला सांगते.